सातच्या टप्प्यांत दर वेळी एक का हरवतो? (टप्प्याने मोजणे : आधी बेरीज की आधी पाढा?)

अबोली | सोमवार, सकाळी ९:४०

नमस्कार. माझा मुलगा दुसरीत आहे. दोनच्या, पाचच्या आणि दहाच्या टप्प्याने तो शंभरापर्यंत न अडखळता म्हणतो, त्यामुळे या बाबतीत काही अडचण असेल असे मला कधी वाटले नव्हते. काल सहज म्हणून मी त्याला सातच्या टप्प्याने संख्या लिहायला सांगितल्या, तेव्हा त्याने कुठेही खाडाखोड न करता वहीत पुढीलप्रमाणे लिहिले :

७, १३, १९, २५, ३१, ३७

विशेष म्हणजे आजीने शिकवलेला सातचा पाढा त्याला 'सात दाहे सत्तर'पर्यंत पाठ आहे. मी त्याला तो म्हणायला लावला आणि त्यात तेरा कुठे आहेत असे विचारले, तेव्हा त्याने अगदी शांतपणे सांगितले, "तो पाढा आहे, हे टप्पे आहेत." या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असतो हे त्याच्या गावीही नाही.

टप्प्याने मोजणे बेरजेतून शिकवावे, की आधी पाढा पक्का करून घ्यावा आणि संबंध पुढे आपोआप कळेल असे समजावे, याविषयी आपले अनुभव वाचायला आवडतील.

---

जुना फळा | सोमवार, दुपारी १:१५

अबोलीताई, सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांत तीस वर्षांहून अधिक काळ पहिली-दुसरीचे वर्ग घेतल्यावर मी निवृत्त झालो, त्यामुळे ही ओळ पाहून जुना मित्र भेटल्यासारखे वाटले. चिरंजीवांची चूक निष्काळजीपणाची नाही. संख्यांमधले अंतर पाहा, प्रत्येक ठिकाणी बरोबर सहा आहे. ज्या मुलाला बेरीज येत नाही त्याची अंतरे वेडीवाकडी येतात. याला बेरीज येते, पण तो मोजायला एक घर आधी सुरुवात करतो.

आज संध्याकाळी त्याला पुन्हा लिहायला सांगा आणि वहीकडे न पाहता त्याच्या बोटांकडे पाहा. सातात सात मिळवताना तो पहिले बोट उघडून 'सात' म्हणत असावा. मग आठ, नऊ, दहा, अकरा, बारा, आणि सातव्या बोटावर तेरा. सात बोटे मोजून झाली म्हणून त्याचे समाधान होते. प्रत्यक्षात पहिल्या बोटावर त्याने नवे काहीच मिळवलेले नसते, आधीच हातात असलेले सात त्याने पुन्हा एकदा उच्चारलेले असतात.

सापशिडी खेळताना लहान मुले हेच करतात. फाशावर चार पडले की सोंगटी ज्या घरात उभी आहे तेच घर 'एक' म्हणून मोजतात, आणि समोरचा भिडू ओरडतो. म्हणून मी फळ्यावर संख्यारेषा काढण्यापूर्वी वर्गाच्या फरशीवर खडूने रेघा मारून मुलांना प्रत्यक्ष उड्या मारायला लावत असे. रेघेवर उभे राहणे म्हणजे मोजणे नव्हे, उडी मारली की एक. ज्या मुलाने पायाने हा फरक अनुभवला त्याला वहीतली संख्यारेषा पुन्हा समजावून द्यावी लागत नाही. कागदावरच्या संख्यारेषेवर सुरुवात केली तर मुले उड्यांऐवजी रेघा मोजतात आणि तीच चूक अधिक नीटनेटकी होऊन परत येते.

---

अबोली | सोमवार, रात्री ९:०५

गुरुजी, आपण वर्णन केले तेच त्याने माझ्यासमोर केले. पहिले बोट उघडताना तो स्पष्टपणे 'सात' म्हणाला. फरशीवर उड्या मारून झाल्यावर त्याने सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस असे बरोबर लिहिले, मात्र प्रत्येक टप्प्याला तो सात बोटे मोजतो आणि चौथ्या-पाचव्या टप्प्यानंतर कंटाळून कुठेतरी एखादे बोट गाळतो. सत्तरपर्यंत पोहोचायला त्रेसष्ट वेळा बोट उघडायचे, हे कोणालाही कंटाळवाणे वाटेल. मग पुढे काय करावे?

---

अडीचकी | मंगळवार, सकाळी ७:५०

मी शिक्षक नाही, हिशेबात आयुष्य गेलेला माणूस आहे, तेव्हा जरा वेगळे मत मांडतो. आमच्या आधीच्या पिढीने तीसपर्यंतचे पाढे तर पाठ केलेच, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढेही संध्याकाळी दिवेलागणीला परवच्याबरोबर म्हटले. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे असण्याच्या काळात त्याला पर्यायही नव्हता. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि हळूहळू ही सगळी कोष्टके उजळणीच्या पुस्तकातून गळून पडली. माझे वडील औटकीवरून साडेतीन हात कापडाचा भाव तोंडी सांगत असत. तो भाव सांगताना ते बेरजा करत नव्हते, उत्तर जिभेवर तयार होते.

मुलाला पाढा येतो आहे. 'हे टप्पे म्हणजेच तो पाढा' एवढे एक वाक्य त्याला सांगितले की प्रश्न मिटतो. त्यासाठी बोटे, फरशी, उड्या हा इतका लांबचा वळसा कशासाठी?

---

जुना फळा | मंगळवार, सकाळी ११:३०

अडीचकी साहेब, पाठांतराला माझा मुळीच विरोध नाही. माझ्या वर्गात रोज पाढे म्हटले जात. परंतु ते एक वाक्य ऐकून मूल मान डोलावते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेरा लिहिते, असा माझा अनुभव आहे. सातचा पाढा म्हणणाऱ्या मुलाला मी मध्येच थांबवून 'सात आठे किती?' असे विचारले की ते पुन्हा 'सात एके सात'पासून सुरुवात करते, कारण त्याच्याजवळ एक सलग गाणे असते आणि गाण्याच्या मध्येच शिरता येत नाही. बेरजेतून आलेल्या मुलाला सात साते एकोणपन्नास एवढे आठवले तरी त्यात सात मिळवून ते छप्पन्नावर पोहोचते. आपल्या वडिलांनाही एखादी ओळ विसरली असती तर त्यांनी अलीकडच्या ओळीत भर घालून ती काढली असती, अशी माझी खात्री आहे. त्या पिढीकडे दोन्ही होते.

आता अबोलीताईंच्या प्रश्नाकडे येतो. एकेक बोट मोजत सात मिळवणे ही पहिली पायरी झाली, तिच्यावर फार काळ थांबू नये. पुढची पायरी म्हणजे दहा पूर्ण करणे. अठ्ठावीसमध्ये सात मिळवायचे आहेत. अठ्ठाविसाचे तीस व्हायला दोन हवेत, ते सातातून दिले, सातातले पाच उरले, म्हणून पस्तीस. हे काड्यांच्या गठ्ठ्यांवर करून घ्यावे. दोन गठ्ठे आणि आठ सुट्या काड्या एका बाजूला, सात सुट्या दुसऱ्या बाजूला. सातातल्या दोन काड्या उचलून आठांत टाकल्या की नवा गठ्ठा बांधता येतो, आणि रबर लावताना मुलाच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते ते मोजण्यासारखे नसते. दर दहा मण्यांनी रंग बदलणारी शंभर मण्यांची गणितमाळा मिळाली तर तीही उत्तम, कारण तिच्यावर दहा कुठे पूर्ण होतात ते डोळ्यांना दिसते.

सातच्या टप्प्यांत एक गंमत दडलेली आहे. सातापासून सत्तरपर्यंत जाताना सात कसकसे फोडावे लागतात ते पाहा. सातावरून चौदावर जाताना तीन आणि चार, चौदावरून एकविसावर जाताना सहा आणि एक. एकविसावरून अठ्ठाविसावर जाताना दहा ओलांडावेच लागत नाहीत. पुढे दोन आणि पाच, मग पाच आणि दोन. बेचाळीसवरून एकोणपन्नासावर पुन्हा विश्रांती, त्यानंतर एक आणि सहा, मग चार आणि तीन, आणि शेवटी त्रेसष्टात अख्खे सात जाऊन सत्तर पूर्ण होतात. म्हणजे सातच्या दोन भागांत होणाऱ्या सर्व सहा फोडी या एकाच प्रवासात प्रत्येकी एकदा येतात. म्हणूनच सातचे टप्पे कठीण आहेत आणि म्हणूनच ते बेरजेतून करून घेण्यासारखे आहेत. पाचच्या टप्प्यांत फोड करण्याची वेळच येत नाही, त्यामुळे पाच-दहा-पंधरा येते म्हणजे टप्प्याने मोजणे आले असे समजण्यात आपली फसगत होते.

माझा क्रम दहा, पाच, दोन, मग थेट नऊ, त्यानंतर चार, तीन, सहा, आठ आणि सर्वांत शेवटी सात असा असे. नऊ इतक्या लवकर का, असे सहकारी विचारत. नऊ मिळवायचे म्हणजे दहा मिळवून एक काढायचा, आणि दहा तर आधीच आलेले असतात.

---

पैलतीर | मंगळवार, रात्री १०:४५

आम्ही न्यू जर्सीत राहतो. इकडे अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या 'कॉमन कोअर' निकषांत दुसरीच्या मुलांनी हजारपर्यंत मोजावे आणि पाच, दहा व शंभरच्या टप्प्याने मोजावे अशी अपेक्षा आहे. माझी मुलगी हे सगळे चालीवर म्हणते. गुरुजींचा प्रतिसाद वाचून मी तिला पाचच्याच टप्प्याने, पण तीनपासून सुरुवात करून मोजायला सांगितले. तिने 'तीन, पाच, दहा, पंधरा' असे उत्तर दिले. तीनवरून ती आपल्या ओळखीच्या रस्त्यावर उडी मारून गेली. पाच मिळवायचे आहेत हे तिच्या मनात कुठे नव्हतेच.

मग व्हिडिओ कॉलवर तिच्या आजीने हाच खेळ मराठीतून घेतला : सातपासून दहाच्या टप्प्याने. सात, सतरा, सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस. इंग्रजीतून तिला हे सहज जमते, कारण दशकाचा शब्द आधी येतो आणि सात शेवटी जशाच्या तसा राहतो. मराठीत सात आधी येतो आणि दर वेळी वेगळ्या वेशात येतो, त्यामुळे ती सदतीसपाशी अडली. मात्र आजीने 'सुरुवातीला काय ऐकू येते?' असे विचारल्यावर सत्तावन्न, सदुसष्ट, सत्त्याहत्तर, सत्त्याऐंशी, सत्त्याण्णव यांच्या तोंडाशी सातच बसलेला आहे हे तिने स्वतः ओळखले.

---

गोधडी | बुधवार, सकाळी १०:२०

पैलतीर यांनी फार महत्त्वाच्या ठिकाणी बोट ठेवले आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' अशी संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा केवढे वादळ उठले होते हे अनेकांना आठवत असेल. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे मुलांना पडणारी अडचण समजावून सांगितली होती आणि जुने शब्द काढून टाकलेले नाहीत हेही स्पष्ट केले होते. पण तोवर दूरचित्रवाणीवर आणि भ्रमणध्वनीवर विनोदांचा पाऊस पडून गेला होता.

मी त्या वेळी विरोधकांत होते. आज माझ्या भाचीला शिकवताना मला वाटते की बोलण्याची रीत म्हणून नव्हे, तर बेरजेचे साधन म्हणून ती पद्धत सोन्यासारखी आहे. 'अठ्ठावीस आणि सात' यापेक्षा 'वीस आठ आणि सात' असे म्हटले की आठ आणि सात शेजारी येतात आणि दहा कुठे पूर्ण करायचे ते कानालाच कळते. उत्तर 'तीस पाच' आले की मग ती 'पस्तीस' म्हणते. दोन-तीन आठवड्यांत मधला शब्द आपोआप गळून पडला.

खरी अडचण नवाची आहे. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस हे शब्द पुढच्या दशकाकडे पाहतात, मागच्या दशकाकडे नाही. 'एकोणचाळीस' ऐकल्यावर मुलाच्या मनात चाळीस उमटतात आणि ते ४९ लिहून बसते. पण हाच शब्द दहा पूर्ण करायला मात्र मदत करतो, कारण एक कमी आहे हे त्याने आधीच सांगून ठेवलेले असते. आणि ज्या मुलाला ही वाट सापडते ते नव्व्याण्णवाला हटकून 'एकोणशंभर' म्हणते. माझी भाचीही म्हणाली. मी तिला दुरुस्त केले, पण मनातून तिचेच म्हणणे अधिक तर्कशुद्ध वाटले.

---

शब्दवेल्हाळ | बुधवार, दुपारी ३:००

विषयाला धरूनच एक लहानसे निरीक्षण नोंदवतो. अबोलीताईंच्या मुलाने सुरुवातीचा सात मोजला म्हणून आपण त्याला चूक म्हणतो, परंतु आपली भाषाही तसेच मोजते. सोमवारी भेटलेला माणूस 'आठ दिवसांनी येतो' असे सांगून जातो आणि पुढच्या सोमवारी, म्हणजे सात दिवसांनी येतो. सात दिवसांना आपण आठवडा म्हणतो. दोन आठवड्यांचा पंधरवडा होतो, चौदावडा होत नाही. निघालेला दिवस आणि पोहोचलेला दिवस असे दोन्ही मोजण्याची ही जुनी रीत आहे. मुलगा घरी हेच ऐकत वाढतो आणि सातचा टप्पा तर नेमका आठवड्याचाच आहे.

ज्या दिनदर्शिकेत वार डावीकडे एकाखाली एक छापलेले असतात, तिच्यात सोमवारची आडवी ओळ पाहावी. महिन्याचा पहिला सोमवार तीन तारखेला असेल तर तीन, दहा, सतरा, चोवीस, एकतीस असे सातचे टप्पे तयार मिळतात, आणि तेही शून्यापासून सुरू न होणारे.

---

ठिपक्यांची रांगोळी | बुधवार, रात्री ८:३५

मी रांगोळीच्या वर्गात मुलींना एक आकृती करायला देते, ती इथे उपयोगी पडेल असे वाटते. एक वर्तुळ काढून त्याच्या कडेवर समान अंतरावर शून्य ते नऊ असे दहा ठिपके द्यावेत. आता टप्प्याने येणाऱ्या संख्यांचे फक्त एककस्थानचे अंक घेऊन ठिपके क्रमाने जोडत जावे. दोनच्या टप्प्याने पंचकोन मिळतो, चारच्या टप्प्याने पाच टोकांची चांदणी, पाचच्या टप्प्याने नुसती एक रेघ. तीनच्या टप्प्याने मात्र दहाही ठिपक्यांना स्पर्श करणारी दहा टोकांची सुंदर चांदणी होते. सातच्या टप्प्यानेही तीच चांदणी येते, फक्त हात उलट दिशेने फिरतो. आठ आणि दोन, सहा आणि चार यांचीही अशीच जोडी आहे.

अबोलीताईंच्या मुलाची ओळ मी सहज काढून पाहिली. सात, तीन, नऊ, पाच, एक आणि पुन्हा सात. पाच रेघांतच आकृती बंद झाली. सातचे टप्पे बरोबर असते तर दहा रेघा व्हायला हव्या होत्या. म्हणजे कोणी न सांगताही मुलाला आपली चूक आकृतीवरून ओळखता येते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. चांदणीचा क्रम लक्षात आला की मुली बेरीज करणे सोडून देतात आणि नुसते ठिपके जोडतात, म्हणून शेजारी पूर्ण संख्या लिहिल्याशिवाय रेघ मारायची नाही असा मी नियम केला आहे.

---

अडीचकी | गुरुवार, सकाळी ८:१०

सहाच्या टप्प्याने आलेली चांदणी पाच रेघांत बंद होते हे मी कागदावर करून पाहिले आणि मान्य केले. माझे मूळ मत मी अर्धेच मागे घेतो. बेरीज कळल्यावर पाढा पाठ हवाच, कारण दुकानात उभ्या असलेल्या माणसाला गठ्ठे बांधायला वेळ नसतो. पण गुरुजींनी वडिलांविषयी लिहिले ते वाचून एक गोष्ट आठवली. अडीचकीत अडकले की ते पुटपुटत, 'दुप्पट आणि निम्मे'. मी त्याला आजवर पाठांतर समजत होतो.

एक शंका आहे. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाची बोटे कोण पाहणार?

---

जुना फळा | गुरुवार, दुपारी १२:४०

कोणीच पाहू शकत नाही, हे खरे आहे. मी जोड्या लावत असे. एकाने टप्पे म्हणायचे, दुसऱ्याने मणी सरकवायचे, आणि दोघांचे जुळले नाही तर दोघांनी मिळून माझ्याकडे यायचे. दिवसभरात चार-पाच जोड्या येत, तेवढ्यांची बोटे पाहणे शक्य होते. जे आले नाहीत त्यांच्यापैकी काहींचे दोघांचेही एकसारखे चुकलेले असे, तेही सांगायला हवे.

---

अबोली | सोमवार, सायंकाळी ६:२० (पंधरवड्यानंतर, म्हणजे चौदा दिवसांनी)

सर्वांचे मनापासून आभार. सातापासून सत्तरपर्यंत तो आता बोटांशिवाय जातो आणि कुठे फोड करावी लागत नाही ते आधीच सांगतो. चारपासून सुरुवात केल्यावर अकरा, अठरा, पंचवीस, बत्तीस, एकोणचाळीस इथवर ठीक आले आणि पुढे त्याने छप्पन्न सांगितले. गोधडीताईंनी लिहिल्याप्रमाणे एकोणचाळीसने त्याला ४९ कडे नेले होते. 'तीस नऊ आणि सात' असे म्हटल्यावर सेहेचाळीस आले. पाढा आणि टप्पे एकच आहेत हे मात्र मी सांगितले नाही. रांगोळीच्या वर्तुळाशेजारी संख्या लिहिताना त्याने मध्येच थांबून आजीला विचारले, "हे तुझ्या पाढ्यातले आहेत का?"

आता त्याने एक नवीन प्रश्न काढला आहे. वहीतली जुनी ओळ त्याने खोडू दिली नाही. ७, १३, १९, २५ हा सातचा पाढा नाही हे त्याला पटले आहे, पण प्रत्येक वेळी सहा मिळवले असूनही हा सहाचा पाढा का नाही, असे तो विचारतो. मी उत्तर द्यायला तोंड उघडले होते, मग थांबले.

---

जुना फळा | सोमवार, रात्री ९:१५

थांबलात ते फार चांगले केलेत. त्या ओळीच्या बरोबर खाली त्याला सहाचा पाढा लिहू द्या, एका संख्येखाली एक, आणि तो काय म्हणतो ते आम्हाला कळवा.